चालायची हौस नाही, पण हिमालय बघायचाय: सहल निवडताना काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं दांपत्य, वय ६१ आणि ५७. चालायची फारशी आवड नाही, बाईंचा डावा गुडघा कुरकुरतो, यजमानांना रक्तदाबाची रोजची गोळी आहे. दोघांनाही हिमशिखरं मनसोक्त बघायची आहेत, ट्रेक करायचा नाही. दिवाळीनंतर नऊ-दहा दिवस हाताशी आहेत. समोर तीन सहली आहेत: लेह-लडाख, शिमला-मनाली आणि दार्जिलिंगसह सिक्कीम. सिक्कीमच्या सहलीत उत्तर सिक्कीम आणि गुरुडोंगमार तलावही आहे. जाता जाता चारधाम जमेल का, असंही विचारलंय. मुलगी-जावई ट्रेकर आहेत आणि त्यांचं म्हणणं, "लेह करा, सगळं गाडीनेच आहे, चालायचं कुठे आहे?"

आधी या शेवटच्या वाक्याबद्दल, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. चालायचं नाही म्हणजे सहल सोपी, असं पहाडात नसतं. ट्रेकर पायाने चढतो, म्हणून हळू चढतो. दिवसाला चार-पाचशे मीटर वर गेला की मुक्काम करतो आणि तेवढ्यात शरीर विरळ हवेला सरावतं. गाडीतला माणूस तेवढंच अंतर पाऊण तासात चढतो. विमानातून लेहला उतरणारा तर दिल्लीच्या सव्वादोनशे मीटरवरून दीड तासात ३,५०० मीटरवर पोचतो. पाय दमत नाहीत, पण फुप्फुसं आणि मेंदू यांना सवडच मिळत नाही. म्हणून न चालणाऱ्यांनी सहल निवडताना चालण्याचा विचार नंतर करावा. आधी दोन गोष्टी बघाव्यात: प्रत्येक रात्रीचा मुक्काम किती उंचीवर आहे आणि रोज गाडीत किती तास बसायचं आहे.

उंचीचा अंदाज यावा म्हणून आपल्याकडचं माप घेऊ. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे. गंगटोक शहर जवळपास त्याच उंचीवर वसलंय, श्रीनगर त्याहून किंचित खाली आहे. दार्जिलिंग आणि मनाली साधारण २,०५० मीटरवर, शिमला २,२०० च्या आसपास. इथवर निरोगी माणसाला उंचीचा त्रास सहसा होत नाही. फार तर पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते. साधारण २,५०० मीटरच्या वर झोपायला लागलं की विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. ३,००० च्या पुढचा नियम असा, की आजचा मुक्काम कालच्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढावी. महत्त्वाची आहे ती झोपायची उंची. दिवसा वर जाऊन खाली झोपायला येणं शरीराला बरंच सोसतं. लेहला समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ६५ टक्के ऑक्सिजन मिळतो, खारदुंग ला खिंडीत (५,३५९ मीटर) जेमतेम निम्मा.

आता तुमच्या हातातल्या सिक्कीमच्या पत्रकातल्या दोन ओळी घ्या. "दिवस ५: गंगटोकहून लाचेनकडे प्रयाण. दिवस ६: पहाटे गुरुडोंगमार तलाव, परत येऊन भोजन, लाचुंगकडे प्रयाण." कागदावर किती निवांत वाटतं! प्रत्यक्षात पाचव्या दिवशी सहा-सात तास खड्ड्यांच्या रस्त्याने लाचेन गाठायचं. लाचेन सुमारे २,७०० मीटरवर आहे. रात्री जेवण उरकून झोपायला दहा वाजतात आणि पहाटे साडेतीन-चारला थंडीत उठवतात, कारण तलावापाशी दुपारी वारा भन्नाट सुटतो आणि त्याआधी तिथून निघावंच लागतं. मग तीन-साडेतीन तासांत गाडी तुम्हाला ५,१०० मीटरच्या वर नेते, म्हणजे एका सकाळीत चोवीसशे मीटरची चढण. ट्रेकर हीच उंची गाठायला पाच-सहा दिवस घेईल. तलावापाशी मिळतात वीस-पंचवीस मिनिटं. त्यातली निम्मी डोकं धरून गाडीतच जातात. मग तेवढेच तास परत, घाईघाईत जेवण आणि लाचुंगसाठी आणखी दोन-अडीच तास. दिवसभरात नऊ तास बसणं, चालणं पाचशे पावलं. तलाव फार सुंदर आहे यात वाद नाही. पण ६१ वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाने अपुऱ्या झोपेवर अशी चढण करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ ल्होनाक सरोवर फुटून तीस्ता नदीला पूर आला, तेव्हापासून उत्तर सिक्कीमचा रस्ता वारंवार बंद पडतो. बंद पडला तर त्या दोन रात्री सहल कंपनी कुठे काढणार, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

लेहबद्दल. जाऊच नका असं म्हणत नाही, पण दिवाळीनंतर नको. ऑक्टोबर सरता सरता तिथे रात्री पारा शून्याखाली जातो, पँगाँग तलावाकडचे बरेच तंबू गुंडाळलेले असतात आणि थंडीत गुडघ्यांचं दुखणं वाढतं. जायचं तर जून ते सप्टेंबरमध्ये जा आणि कार्यक्रम नीट वाचून जा. विमानाने जात असाल तर पहिले दोन दिवस फक्त विश्रांती. "दुपारी शांती स्तूप व बाजारपेठ" असं पहिल्याच दिवशी लिहिलेलं असेल तर ती सहल सोडून द्या. एक फारसा कुणी न सांगणारा चांगला पर्याय म्हणजे विमानतळावरून लेहमध्ये न थांबता सरळ आल्ची किंवा उलेटोकपो या गावी जायचं. दोन तासांचा चांगला रस्ता आहे आणि मुक्काम सुमारे ३,१०० मीटरवर होतो, म्हणजे लेहपेक्षा चारशे मीटर खाली. दोन रात्री तिथे काढून मग लेहला आलं की फरक जाणवतो. नुब्रा खोरं करायला हरकत नाही, कारण वाटेत खारदुंग ला असली तरी झोपायला तुम्ही पुन्हा ३,१०० वर उतरता. खिंडीत मात्र पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. पँगाँगला मुक्काम टाळा. तलाव ४,२५० मीटरवर आहे आणि तिथली पहिली रात्र अनेकांची डोकेदुखीत आणि मळमळीत जाते. वाटेवरचं तांगत्से थोडं खाली आहे. तिथे राहून सकाळी तलाव बघता येतो.

रस्त्याने लेह गाठायचं असेल तर श्रीनगरकडून. श्रीनगर, मग कारगिल (सुमारे २,७०० मीटर), मग लेह, अशी पायरीपायरीने चढण आहे. वाटेतली फोटू ला खिंड ४,१०० च्या थोडी वर आहे, पण ती ओलांडून लगेच खाली उतरता येतं. मनालीकडून जाणारे बरेच कार्यक्रम दुसरी रात्र सरचूच्या तंबूत काढतात, जवळपास ४,३०० मीटरवर. ती रात्र बहुतेकांना जड जाते आणि रात्रीतून खाली न्यायची वेळ आली तर जवळ मोठं गाव नसतं. हिमाचलमधल्या स्पितीचंही तेच. किन्नौरकडून कल्पा, ताबो करत गेलात तर शरीर सरावतं. मनालीकडून कुंझुम खिंड ओलांडून एका दिवसात काझा गाठलं की डोकं धरतं.

शिमला-मनाली सगळ्यात सुरक्षित आहे, पण तुम्हाला शिखरं बघायची आहेत, तिथे प्रामुख्याने दऱ्या, देवदार आणि बाजारपेठा दिसतात. दिवाळीच्या सुट्टीत मनालीला बर्फ मिळेलच असं नाही. "स्नो पॉइंट" लिहिलेलं असलं तरी आश्वासन समजू नका. अटल बोगद्यातून (९.०२ किलोमीटर, ऑक्टोबर २०२० पासून सुरू) पलीकडे सिस्सूला जाऊन येणं हा तिथला सर्वांत चांगला दिवस. ३,१०० मीटरवर जाऊन संध्याकाळी मनालीत झोपायला येता. एक त्रासाची गोष्ट म्हणजे शिमला ते मनाली अडीचशे किलोमीटर असलं तरी सात-आठ तास लागतात. पहाडात अंतर किलोमीटरमध्ये विचारू नये, तासांत विचारावं. ताशी तीसच्या आसपास वेग धरला की हिशेब जमतो.

मग काय करावं? तुमच्यासाठी तिसरी सहल, पण उत्तर सिक्कीम वगळून. दार्जिलिंग, पेलिंग आणि गंगटोक, आठ रात्री: दार्जिलिंग तीन, पेलिंग दोन, गंगटोक तीन. तिन्ही मुक्काम १,६५० ते २,१५० मीटरच्या आत. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत पाऊस ओसरून हवा धुतल्यासारखी असते आणि कांचनजंगा (८,५८६ मीटर) पहाटे स्वच्छ दिसायची शक्यता वर्षातली सर्वांत जास्त असते. हीच सहल मे महिन्यात केली तर आठ दिवसांत शिखराचं दर्शन न होताही लोक परततात. मुलांच्या सुट्टीमुळे आपल्याकडची कुटुंबं मेमध्ये जातात आणि मग "कांचनजंगा दिसलाच नाही" म्हणून हळहळतात. कुमाऊंचंही तसंच आहे. कौसानीहून त्रिशूल, नंदादेवीची रांग बघायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, कारण मेमध्ये धूळ आणि वणव्यांचा धूर असतो.

पेलिंग या सहलीचं काळीज आहे आणि बऱ्याच कंपन्या तेच वगळतात किंवा एका रात्रीवर आणतात. तिथे शिखराच्या बाजूची खोली मिळाली तर पहाटे साडेपाचला रजईत बसून कांचनजंगा गुलाबी, मग केशरी, मग पांढरा होताना दिसतो. कुठे जायचं नाही, रांग नाही, चालणं नाही. दार्जिलिंगच्या टायगर हिलला सूर्योदय बघायला मात्र साडेतीनला उठून शेकडो गाड्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं. पेलिंगला दोन रात्री असतील तर टायगर हिल सोडलं तरी चालेल. खोली ठरवताना "माउंटन व्ह्यू" एवढ्यावर थांबू नका, "खोलीच्या खिडकीतून कांचनजंगा दिसतो का, की गच्चीवर जावं लागतं" असं विचारा. पेमयांग्त्से मठाच्या दारापर्यंत जवळजवळ गाडी जाते. राबदेन्त्से या सिक्कीमच्या जुन्या राजधानीचे अवशेष बघायला जंगलातून अर्धा-पाऊण तास चालावं लागतं. वाट सावलीची आहे, पण दगडी आणि ओली असते, गुडघ्याचं बघून ठरवा. दार्जिलिंगला चौरस्त्यावरून निघून ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालून परत येणारा रस्ता जवळपास सपाट आहे, रमतगमत अर्धा तास. न चालणाऱ्यांना आवडेल असं चालणं हेच. आणि टॉय ट्रेनची घूमपर्यंतची फेरी जरूर करा.

गंगटोकहून छांगू तलाव (सुमारे ३,७५० मीटर) एक दिवसाचा आहे. सहलीच्या शेवटी ठेवा, म्हणजे आधीच्या पाच-सहा रात्रींत शरीर थोडं तयार झालेलं असतं. तलावापाशी तासभर थांबा आणि परत फिरा. छांगूच्या पुढची नथु ला खिंड ४,३१० मीटरवर आहे, त्यात वर पायऱ्या आहेत आणि वारा बोचरा असतो. सकाळी डोकं दुखत असेल तर ती सोडा. सोमवारी आणि मंगळवारी पर्यटकांना ती बंद असते, म्हणून गंगटोकचा तो दिवस कोणत्या वारी येतो ते आधीच बघा. परवाना फक्त भारतीय नागरिकांना मिळतो. तुमची मुलं अमेरिकेत असतील आणि सोबत येणार असतील तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) इथे उपयोगी पडत नाही, विदेशी पासपोर्टवाल्यांना नथु ला नाहीच.

रस्त्याचे तास: बागडोगरा विमानतळ ते दार्जिलिंग तीन-साडेतीन, दार्जिलिंग ते पेलिंग चार, पेलिंग ते गंगटोक पाच, गंगटोक ते बागडोगरा साडेचार-पाच. एकही दिवस सहा तासांच्या वर नाही, आणि दोन प्रवासांमध्ये किमान एक पूर्ण दिवस मोकळा आहे. परतीचं विमान दुपारी दोनच्या आधीचं घेऊ नका. तीस्तेकाठच्या रस्त्यावर दरड आली तर कालिम्पोंगवरून वळसा पडतो आणि वेळ दीडपट होतो.

आता सहल कंपनीला काय विचारायचं. पहिलं, घाटात कोणती गाडी आणि कितीजण? तीस-पस्तीसजणांचा गट या रस्त्यांवर मोठ्या बसने जात नाही, टेम्पो ट्रॅव्हलर किंवा छोट्या गाड्यांत विभागतात. टेम्पो ट्रॅव्हलरची शेवटची रांग मागच्या चाकांच्याही मागे येते. तिथे प्रत्येक खड्डा कमरेला बसतो आणि मळमळही तिथेच जास्त होते. जागा रोज बदलतात का, ते विचारा. बदलत नसतील तर पहिल्या दोन रांगांतली जागा बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. मळमळीची गोळी घाट सुरू होण्याच्या तासभर आधी घ्यायची असते, उलटी व्हायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. या गोळ्यांनी सुस्ती येते, म्हणून त्या दिवशी उतरताना एकमेकांचा हात धरा.

दुसरं, हॉटेलात रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या? हा प्रश्न बहुतेक लोक विसरतात. पहाडी गावांत हॉटेल उतारावर बांधलेलं असतं. रस्त्याच्या पातळीला स्वागतकक्ष आणि खोल्या त्याच्या खाली तीन-तीन मजले, असा प्रकार सर्रास आढळतो. "पहिल्या मजल्यावरची खोली" म्हणजे कधी कधी साठ पायऱ्या खाली असते आणि भोजनकक्ष सगळ्यात वर. दिवसातून चारदा ही चढउतार झाली की पर्यटनस्थळं बघण्याआधीच गुडघा सुजतो. लिफ्ट आहे का, आणि वीज गेली तर चालते का, हेही विचारा. शिमल्याला माल रोडवर गाड्या जात नाहीत, कार्ट रोडवरून लिफ्टने वर यावं लागतं आणि पुढे पायी.

तिसरं, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास फक्त हॉटेलात की वाटेतल्या थांब्यांवरही? गुडघे दुखणाऱ्यांसाठी हा लाजायचा प्रश्न नाही. दुकानात घडीचं कमोड स्टूल मिळतं, दीड-दोन किलोचं असतं. गाडीत ठेवा.

चौथं, "स्वखर्चाने" या शब्दाखाली काय काय येतं? अनेक ठिकाणी बाहेरची गाडी शेवटच्या टप्प्यावर चालत नाही, स्थानिक युनियनची गाडी घ्यावी लागते. पहलगामहून आरू किंवा चंदनवाडीला जाताना तसंच, छांगूलाही परवाना असलेली स्थानिक गाडीच लागते. पश्चिम बंगालच्या नंबरची गाडी सिक्कीममध्ये तुम्हाला सोडून जाते, पण तिच्यातून स्थळदर्शन करता येत नाही. हा खर्च आणि खोलीतल्या हीटरचं भाडं सहलीत धरलंय का, ते लिहून मागा.

तुमच्या तयारीबद्दल. पर्वतीच्या पायऱ्या हे पुणेकरांचं उत्तम परीक्षास्थान आहे. न थांबता, बोलत बोलत वर पोचता येत असेल तर या सहलीला पुरेशी ताकद आहे. मध्ये दोनदा थांबावं लागत असेल तर आजपासून सहा आठवडे आठवड्यातून चार दिवस अर्धा तास चाला आणि दोन दिवस जिने चढा. उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त भार येतो, म्हणून बाईंनी एक काठी घ्यावी आणि उतरताना दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जाड, खाचांच्या तळाचे बूट महिनाभर आधी घ्या आणि घरात वापरून मऊ करा.

यजमानांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना मुक्कामांच्या उंचीची यादी दाखवावी, नुसतं "सिक्कीमला जातोय" म्हणू नये. या सहलीला उंचीच्या त्रासावरच्या गोळीची बहुधा गरज पडणार नाही. लेहला जाल तेव्हा अॅसिटाझोलामाइडबद्दल विचारा. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून सुरू करतात, पण सल्फाची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास किंवा लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल तर डॉक्टरांनीच ठरवायचं. गोळीने बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरू नये. कापराची पुडी हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही, नाक मोकळं वाटतं एवढंच. हातात धरायच्या ऑक्सिजनच्या छोट्या डब्याही काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर वर चढू नये. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा भूक मेली असेल तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप, सततचा खोकला, सरळ रेषेत चालता न येणं किंवा बरळणं दिसलं तर सकाळची वाट न बघता लगेच खाली उतरवायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

चारधामबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. बद्रीनाथ आणि गंगोत्रीला गाडी जाते. केदारनाथला गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटर चालत, सोळाशे मीटर चढून ३,५८३ मीटरवर जावं लागतं. खेचरावर बसून उतरणं गुडघ्यांना आणि कमरेला चालण्याइतकंच जड जातं. हेलिकॉप्टर दहा मिनिटांत वर नेतं, त्यामुळे मुक्कामाला न राहता दर्शन घेऊन त्याच दिवशी परतावं आणि हवेमुळे उड्डाण रद्द होण्यासाठी एक दिवस राखून ठेवावा. तिकीट आयआरसीटीसीच्या अधिकृत हेलियात्रा संकेतस्थळावरूनच काढा, बाकीच्या जाहिरातींना पैसे पाठवू नका.